कोरी गिटार हातात आल्यावर: लाखेचं पॉलिश आणि पहिला सेटअप

बॉडी जुळली, नेक बसली, फिंगरबोर्ड चिकटला, त्यावर फ्रेटच्या आडव्या धातूच्या पट्ट्या ठोकून झाल्या. समोर आहे ती कोरी क्लासिकल गिटार. तारा नाहीत, चमक नाही, आणि मनात एकच घाई, की एकदाची वाजवून बघू. पहिल्या गिटारीच्या वेळी मीही ती घाई केली. जुलैचा महिना, बाहेर संततधार, आणि मी खिडकीशी बसून पॉलिश चढवतोय. तिसऱ्या दिवशी वरच्या फळीवर दुधाची साय धरावी तसा पांढुरका थर आला. सगळं खरवडून पुन्हा कोऱ्या लाकडावर यायला दोन रविवार गेले, आणि खरवडताना फळी जराशी पातळ झाली ती कायमची.

म्हणून हत्याराला हात लावायच्या आधी हवा बघा. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर, काही शे रुपयांत मिळतं. ते कामाच्या खोलीत टांगा. ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास काम करायचं. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हा आकडा ८० च्या वर असतो. पुण्याकडे एप्रिलच्या दुपारी तो ३० च्या खालीही जातो. हे पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसून लाखेत अडकतं. माझी ती साय म्हणजे हेच पाणी. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोयीचा काळ. पावसाळ्यातच करायचं असेल तर एसी किंवा डिह्युमिडिफायर लावलेली बंद खोली हवी, पण स्पिरिटची वाफ बाहेर जायची सोयही हवी. बंद खोलीत हे दोन्ही जमवणं कठीण असतं. त्यापेक्षा दिवाळीपर्यंत थांबा.

लाख कुठली, किती

क्लासिकल गिटारीला पॉलियुरेथेनचा जाड थर नको. वरची स्प्रूसची किंवा सीडरची फळी सव्वादोन-अडीच मिलीमीटरची असते. तिला थरथरू द्यायचं असतं, रेनकोट घालायचा नसतो. स्पेनमधले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या लाखेचं फ्रेंच पॉलिश, म्हणजे कापडी बोळ्याने चढवलेले पातळ थर, करत आले, ते म्हणूनच. गंमत म्हणजे ही लाख आपल्याकडची. पळस, बोर आणि कुसुंब या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा हा राळेसारखा स्राव. पळस-बोरीवरची ती रंगिणी, कुसुंबावरची कुसुमी. कुसुमी रंगाला फिकट असते. सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते, आणि रांचीजवळ नामकुम इथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे.

विकत घेताना मेण काढलेली, फिकट रंगाची पापडी मागा. फर्निचरवाल्यांकडची साधी चपडी लाख चालते, पण तिच्यात चार-पाच टक्के मेण असतं. विरघळवून बाटली दोन-तीन दिवस न हलवता ठेवली की मेण तळाशी बसतं. वरचं निवळ अलगद दुसऱ्या बाटलीत ओतून घ्यायचं आणि मलमलीतून गाळायचं.

प्रमाण: २५० मिली स्पिरिटला ५० ग्रॅम पापडी. पापडी आधी खलबत्त्यात भरड करून घ्या, लवकर विरघळते. हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळणारं स्पिरिट बरेचदा पाणी मिसळलेलं असतं आणि त्यात मिथेनॉल असतं, जे विषारी आहे. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल केमिकलवाल्यांकडे मिळतं. त्यात लाख हळू विरघळते, पण पाण्याची कटकट नसते. जवळपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काहीही नको.

बाटलीवर तारीख लिहा. विरघळलेली लाख सहा महिन्यांनी म्हातारी होते, मग ती कितीही दिवस ठेवा, पूर्ण कडक होत नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी नखाची खूण उमटली तर ती बाटली दरवाज्याच्या पॉलिशला वापरा, गिटारीला नको.

घासणं

नवखे लोक इथे कंटाळतात आणि पुढे महिनाभर पस्तावतात. पॉलिशने खोट झाकत नाही, उलट आरशासारखी दाखवते. पॉलिश पेपर १८०, २४०, ३२० आणि शेवटी ४००, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. पेपर बोटाने धरू नका, कॉर्कच्या किंवा लाकडी ठोकळ्यावर गुंडाळा. बोटाखाली मऊ लाकूड जास्त जातं आणि कडक रेषा वर राहतात. ३२० नंतर ओलसर फडक्याने एकदा पुसा. दबलेले तंतू उभे राहतात. वाळलं की ४०० ने ते हलकेच उतरवा. मग अंधाऱ्या खोलीत दिवा अगदी आडवा धरून बघा. जो ओरखडा आता दिसतो तो नंतर दहापट दिसेल.

वरच्या फळीवर मात्र हात आवरा. प्रत्येक पेपर थोडं थोडं लाकूड नेतो, आणि इथे खेळ मिलीमीटरच्या दहाव्या भागाचा आहे.

मागची आणि बाजूची लाकडं बहुतेक वेळा शिसवी असतात. १९९२ मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आली आणि जगभरच्या गिटारवाल्यांचा भर आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीवर आणखी वाढला. दिसायला राजेशाही, पण दोन सवयी वाईट. एक, तिचा जांभळट रंग स्पिरिटमध्ये सुटतो आणि शेजारच्या पांढऱ्या किनारीवर जाऊन बसतो. दुसरी, तिला उघडी छिद्रं असतात.

पहिलीवर उपाय: अगदी पातळ केलेली लाख बारीक ब्रशने आधी फक्त पांढऱ्या किनारींवर आणि साउंडहोलभोवतीच्या नक्षीवर दोनदा लावा. वाळल्यावर एक पातळ हात सगळ्या गिटारीला द्या. दुसरीवर परंपरेचा उपाय प्युमिस या सच्छिद्र दगडाची बारीक पूड. पुरचुंडीवर, म्हणजे पॉलिशच्या कापडी बोळ्यावर (ती कशी करायची ते पुढे), स्पिरिट आणि चिमूटभर पूड घेऊन गोल गोल घासत राहायचं. लाकडाचीच धूळ, पूड आणि लाख मिळून छिद्रं बुजतात. ते शिकायला मला दोन गिटारी लागल्या. पहिल्या गिटारीला पातळ इपॉक्सी वापरा: जुन्या एटीएम कार्डाने छिद्रांत दाबून भरा, कडक झालं की लाकूड दिसेपर्यंत खरवडा, गरज पडल्यास पुन्हा. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या. स्प्रूसला छिद्रं नसतात, त्यामुळे वरच्या फळीला यातलं काहीही लावायचं नाही.

मध्येच फ्रेट

लाकडाने एक-दोन पातळ हात पिऊन घेतले की थांबा आणि फ्रेटचं काम उरका. कोऱ्या स्प्रूसमध्ये धातूची धूळ शिरली तर निघत नाही. सील केलेल्या फळीवरून ती झटकून जाते. तरीही फळीवर पुठ्ठा ठेवा आणि फिंगरबोर्डला फ्रेटच्या मधे मास्किंग टेप लावा.

सगळ्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करने काळी रेघ ओढा. लांब, सपाट फाइल किंवा ठोकळ्याला चिकटवलेला ४०० चा पेपर नेकच्या लांबीत हलक्या हाताने फिरवा. ज्या फ्रेटवरची शाई लगेच गेली तो उंच, जिथे राहिली तो बुटका. प्रत्येक माथ्यावरची शाई जराशी तरी पुसली गेली की पुरे. सपाट झालेले माथे पुन्हा गोल करायचे, नाहीतर सूर फ्रेटच्या मधोमध न तुटता कडेवर तुटतो. टोकं बोटाला बोचणार नाहीत इतकी घासा. शेवटी सगळ्यात बारीक स्टील वूल.

पुरचुंडी

स्पॅनिशमध्ये पॉलिशच्या बोळ्याला ‘मुन्येका’ म्हणतात, म्हणजे बाहुली. आपल्याकडे पुरचुंडी हा शब्द चपखल बसतो. आत जुन्या लोकरी मोज्याचा तुकडा, बाहेर शंभरदा धुऊन मऊ झालेलं सुती कापड. नव्या कापडाचे तंतू सुटतात. आकार मोठ्या लिंबाएवढा, खालचा भाग सुरकुतीशिवाय ताणलेला. पिरगळलेलं टोक तळहातात धरायचं. काम नसताना घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

आतल्या लोकरीला लाख पाजा, वर थोडं स्पिरिट, मग कागदावर दाबून जास्तीचं काढा. हाताच्या पाठीवर टेकवली तर गार लागावी, ओलं उमटू नये. पुरचुंडी फिरते तशी तिच्यामागे धुक्याची रेघ दिसते आणि क्षणात विरते. ती रेघ दिसत असेल तर प्रमाण बरोबर. ओला पट्टा राहत असेल तर जास्त झालं, काहीच दिसत नसेल तर कोरडी आहे.

चालत्या हाताने टेकवायची आणि चालत्या हातानेच उचलायची. पृष्ठभागावर पुरचुंडी क्षणभर थांबली की खालची लाख विरघळते आणि कापडाचा ठसा बसतो. आधी छोटी वर्तुळं, मग इंग्रजी आठचा आकडा, शेवटी रेषेच्या दिशेने सरळ. ओढ जाणवायला लागली की ऑलिव्ह तेलाचा एक थेंब, खरोखर एकच. तेल पॉलिशचा भाग नाही, ते फक्त पुरचुंडी सरकावी म्हणून.

एका भागाला एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत सुट्टी. ‘अजून एक हात’ हा मोह सगळ्यात घातक, कारण खालचा थर मऊ असताना वर घासलं की तो उचकटतो. झालंच तसं, तर दुरुस्त करायला जाऊ नका. पुरता दिवस वाळू द्या, ८०० च्या पेपरने तेवढाच भाग सपाट करा आणि पुढे चला. तीन-चार दिवसांनी एकदा असंच सगळीकडे हलकं सपाट करायचं. आठ ते बारा बैठका लागतात. शेवटच्या दोन-तीन बैठकांत लाख कमी, स्पिरिट जास्त, तेल बंद. याने वर आलेलं तेल निघतं आणि चमक उघडते. मग निदान दोन आठवडे गिटार टांगून ठेवा.

हे पॉलिश नाजूक असतं. घाम लागतो, गरम कप ठेवला तर डाग पडतो, आणि सॅनिटायझर म्हणजे तर नुसतं अल्कोहोल. एका पाहुण्याने सॅनिटायझर चोळलेल्या हातानेच गिटार उचलली होती. त्याची चारही बोटं फळीवर उमटली. पण दुरुस्ती त्याच बाटलीतून होते, जुना थर नव्याला धरतो.

ब्रिज

ब्रिज म्हणजे फळीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा. त्यावरची तारा टेकायची पट्टी ती सॅडल, आणि नेकच्या डोक्याकडची तशीच पट्टी म्हणजे नट. या दोघींमधली तारांची लांबी क्लासिकल गिटारीत आज सर्वसाधारणपणे ६५० मिमी धरतात. स्पेनमधल्या अल्मेरियाचा गिटार-कारागीर आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) याने एकोणिसाव्या शतकात जो आराखडा घट्ट केला, त्यावरून हे माप रूढ झालं. म्हणजे नटपासून बारावा फ्रेट ३२५ मिमीवर. पण सॅडल बरोबर ६५० वर बसवली तर वरच्या फ्रेटवर सूर चढे येतील, कारण तार दाबताना ताणली जाते. म्हणून सॅडलचा मध्य दीड-दोन मिमी मागे, साधारण ६५२ वर ठेवा. कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्या गिटारीवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा, दुप्पट करा, मग ही भर घाला.

आडवी जागा ठरवायला पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी दोरे ताणून बघा. फिंगरबोर्डच्या दोन्ही कडांना सारखी जागा सुटायला हवी. जागा पक्की झाली की ब्रिजच्या कडेने धारदार पात्याने अगदी हलकी रेघ मारा आणि रेघेच्या आतलं पॉलिश खरवडून काढा. लाखेवर चिकटवलेला ब्रिज फार दिवस टिकत नाही. ब्रिजचा तळही फळीच्या किंचित फुगवट्याला जुळला पाहिजे. फळीवर पेपर उलटा ठेवून त्यावर ब्रिज घासला की जुळतो.

चिकटवायला सरस उत्तम. साठ अंश सेल्सियसच्या आसपास गरम ठेवा, दोन्ही भाग कोमट करा आणि चपळाईने दाबा. ते जमत नसेल तर पिवळा लाकडी गोंद चालेल. पांढरा गोंद सतत ताणाखाली हळूहळू सरकतो, आणि सहा नायलॉनच्या तारा मिळून चाळीस किलोंच्या आसपास ताण देतात. उन्हात उभ्या गाडीत तर सरकण्याचं रूपांतर उडण्यात होतं. साउंडहोलमधून क्लॅम्प, आतून आधाराला ठोकळा, चोवीस तास तसंच. तारा चढवायला आणखी दोन दिवस थांबा.

नट आणि सॅडल

दोन्ही हाडाच्या. प्लास्टिक पुढे कधीतरी बदलावंच लागतं, मग आत्ताच का नको. नटची रुंदी ५२ मिमी, पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्यांतलं अंतर ४२-४३ मिमी. ब्रिजवर तेच अंतर ५८ मिमीच्या आसपास. खाचा डोक्याकडे किंचित उतरत्या ठेवा, म्हणजे तार फिंगरबोर्डच्या बाजूच्या कडेवरूनच सुटते. खोली तारेच्या निम्म्या जाडीएवढी. तपासायची युक्ती: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तिथे कागद सरकेल एवढीच फट हवी. फट नसेल तर खाच खोल गेली आहे. घाबरू नका. हाडाचा भुगा आणि सुपरग्लूचा थेंब घालून भरा आणि पुन्हा कापा.

सॅडल खाचेत बोटाने दाबून बसली पाहिजे. डुलली तर आवाज गळतो आणि सूरही हलतो. तिचा तळ आरशासारखा सपाट हवा. माथा मात्र गोल, आणि तार एकाच रेषेवर टेकायला हवी. मिरजेचे कारागीर सतारीच्या घोडीचा माथा मुद्दाम रुंद ठेवून त्याला अतिशय मंद उतार देतात, म्हणून तार त्यावर घासत झणझणते. तीच जवारी. गिटारीच्या सॅडलचा माथा सपाट राहिला तर नेमकं तेच होतं, फक्त ते तुम्हाला नको असतं. पहिल्या गिटारीतली तिसरी तार अशी सतारीसारखी वाजायची आणि मी आठवडाभर फ्रेटमध्ये दोष शोधत होतो.

आता उंची. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत सहावी तार ४ मिमी, पहिली ३ मिमी. सुरुवातीला सॅडल मुद्दाम उंच ठेवा. तारा चढवून मोजा आणि जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढा, कारण बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर आहे. सहावी ४.६ आली तर ०.६ कमी करायचं, म्हणजे सॅडलमधून १.२ मिमी. नेहमी तळाकडून घासा, म्हणजे घडवलेला माथा आहे तसाच राहतो. ब्रिजच्या वर निदान दोन-तीन मिमी सॅडल उरली पाहिजे. उरत नसेल तर चूक सॅडलची नाही, नेकच्या कोनाची आहे, आणि ती या टप्प्यावर सुधारत नाही.

क्लासिकल गिटारीत बहुधा ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली धातूची सळई, नसतो. सहाव्या तारेला पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला जुळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या-आठव्याजवळ बघा. तिथे ०.१ ते ०.३ मिमीची फट असावी. एवढी पोकळी हवीच, नाहीतर जाड तारा खडखडतात.

तारा

पहिल्यांदा ‘नॉर्मल टेन्शन’च्याच, म्हणजे मध्यम ताणाच्या, घ्या. ब्रिजमागे जाड कागद सरकवून ठेवा. पहिली तार गुळगुळीत असते, गाठ सुटली की चाबकासारखी फळीवर बसते आणि महिन्याभराच्या पॉलिशवर चंद्रकोर उमटते. म्हणून पातळ तारांना दोन-तीन वेढे द्या आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेच्या खाली दाबला जाईल असा घ्या. पहिल्या दिवशी पूर्ण सुरात आणू नका, दोन फ्रेट खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी वर चढवा. नायलॉन आठवडाभर ताणत राहतं, सूर उतरणं हा दोष नाही.

त्याच आठवड्यात फळीही तारांच्या ताणाने किंचित फुगते आणि ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, थोडी वर जाते. त्यामुळे सॅडलची शेवटची उंची पहिल्या दिवशी ठरवू नका, दोन आठवड्यांनी ठरवा. त्यानंतरच सूर तपासा. ट्यूनर लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर यांची तुलना करा. दाबलेला चढा असेल तर त्या तारेचा टेकण्याचा बिंदू मागे न्यायचा, उतरा असेल तर पुढे. तिसरी तार हमखास चढी येते. ती जाड असून ताण कमी असतो. तिच्याखाली सॅडलचा माथा मागच्या कडेकडे सरकवला की बहुतेक काम होतं. दोन-तीन सेंटचा (एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक राहिला तर सोडून द्या, तो कानाला नव्हे, ट्यूनरला टोचतो.

खडखड ऐकू आली तर लगेच फाइल काढू नका. आधी तारांची सुटी टोकं फळीला लागतायत का बघा, मग खुंट्यांचे स्क्रू, मग साउंडहोलमध्ये बोट घालून आतल्या पट्ट्या टिचकीने वाजवून बघा. सुटलेली पट्टी वेगळा आवाज देते. हे सगळं ठीक असेल तरच फ्रेट.

मोजमापं वहीत लिहाल तेव्हा शेजारी तारीख आणि आर्द्रता लिहा. ऑगस्टमध्ये फळी फुगते आणि ॲक्शन चढते, एप्रिलमध्ये फळी बसते आणि तारा फ्रेटला लागतात. एकाच सॅडलने वर्ष निभत नाही. मी दोन करून ठेवतो, अर्ध्या मिलीमीटरच्या फरकाने. उंच सॅडलच्या तळाला पेन्सिलीने ‘उन्हाळा’ आणि बुटक्याच्या तळाला ‘पाऊस’ लिहिलेलं असतं. न वापरलेली सॅडल गिटारीच्या केसमध्ये, जुन्या तारांच्या पाकिटात.